फाइलचा ताजा पत्ता : लॉग-पद्धतीच्या साठवणीतली नोंदव्यवस्था आणि तिची निगा

नागपुरातल्या कळमन्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्डात धान्य, मिरची, संत्रा, भाजीपाला, कांदा-बटाटा असा माल येतो आणि मालाच्या प्रत्येक पोत्यामागे नोंद तयार होते. काट्यावरचे वजन, सौद्याचा भाव, हमाली, तोलाई, आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात जाणारी हिशोबपट्टी. यातल्या कितीतरी नोंदी आता वहीसोबत फोनमध्ये आणि दुकानातल्या संगणकातही असतात. वही हरवली तर काय करायचे हे दिवाणजीला ठाऊक असते. फोनमधली नोंद नेमकी कुठे असते, वीज किंवा बॅटरी ऐन वेळी गेली तर तिचे काय होते, चुकून पुसलेली पट्टी परत का मिळत नाही, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

हा लेख अडत दुकानात संगणक सांभाळणाऱ्या तरुणांसाठी, फोन-संगणक दुरुस्त करणाऱ्या कारागिरांसाठी आणि ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आज अनेक अँड्रॉइड फोनांत एफटूएफएस नावाची फाइल सिस्टिम असते. तिची घडण लॉग-पद्धतीची, म्हणजे नोंद नेहमी पुढे पुढे लिहीत जाण्याची आहे. ही घडण एकदा समजली की साठवणीची निगा कशी राखायची हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

खोडायचे नाही, पुढे लिहायचे

आपल्या पारंपरिक हिशोबात दोन वह्या असतात. कीर्दीत नोंदी घडल्या त्या क्रमाने, एकाखाली एक येतात. खतावणीत त्याच नोंदी खात्यानुसार लावल्या जातात आणि प्रत्येक नोंदीपुढे कीर्दीचे पान लिहिलेले असते. कीर्दीत खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर पुढच्या ओळीत दुरुस्तीची नोंद करायची, हा नियम.

लॉग-पद्धतीची फाइल सिस्टिम याच नियमाने चालते. फाइल बदलली की जुन्या जागी नवा मजकूर बसवला जात नाही. नवा मजकूर डिस्कवर पुढच्या मोकळ्या जागेत लिहिला जातो आणि जुना तुकडा बाद ठरतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी स्प्राइट या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी अशी व्यवस्था बांधली आणि 1991 साली तिच्यावरचा शोधनिबंध मांडला. त्यांचा विचार साधा होता. संगणकाची मेमरी वाढत चालली आहे, त्यामुळे वाचायच्या बहुतेक फाइली मेमरीतूनच मिळतील आणि डिस्कवर मुख्य भार लिहिण्याचा राहील. त्या काळच्या युनिक्स पद्धतीत एक लहान फाइल तयार करायला डिस्कचे डोके निदान पाच वेळा वेगवेगळ्या जागी न्यावे लागे. लहान फाइलींच्या कामात डिस्कच्या क्षमतेपैकी जेमतेम 5 ते 10 टक्के नव्या मजकुरासाठी वापरली जाई. सगळे एका ओळीत, मोठ्या गठ्ठ्याने लिहिले तर जुन्या जागांची साफसफाई धरूनही 65 ते 75 टक्के क्षमता वापरता येते, असे त्यांनी दाखवले.

पुढे फ्लॅश मेमरी आली आणि या पद्धतीला नवे कारण मिळाले. फ्लॅशच्या पानावर एकदा लिहिले की ते पुसल्याशिवाय त्यावर पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसताना एक पान नाही, अनेक पानांचा मोठा गट एकदम पुसावा लागतो. सॅमसंगच्या जेगुक किम यांनी 2012 मध्ये एफटूएफएस मांडली ती फ्लॅशचा हा स्वभाव लक्षात घेऊन. 2013 च्या फेब्रुवारीत आलेल्या लिनक्स 3.8 मध्ये ती दाखल झाली. गूगलने 2018 च्या पिक्सेल 3 मध्ये तिचा वापर केला.

इथे एक गल्लत टाळावी. लिनक्सवर सर्वत्र दिसणारी एक्स्ट-फोर किंवा विंडोजची एनटीएफएस जर्नल ठेवते, पण ती लॉग-पद्धतीची नाही. जर्नल ठेवणारी व्यवस्था बदलाची नोंद आधी जर्नलमध्ये करते आणि मग ठरलेल्या जागी पक्की करते. लॉग-पद्धतीत ठरलेली जागा नसतेच, लॉग हेच कायमचे घर. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डावर बहुधा फॅट-32 किंवा एक्सफॅट असते. तीही लॉग-पद्धतीची नाही.

मग फाइल सापडते कशी?

मेटाडेटा म्हणजे फाइलीतल्या मजकुराविषयीच्या नोंदी: फाइल किती मोठी, कधी बदलली, कोणाच्या मालकीची, आणि तिचे तुकडे डिस्कवर कुठे कुठे आहेत. युनिक्स घराण्यात ही माहिती आयनोड नावाच्या लहान नोंदीत असते आणि प्रत्येक आयनोडला क्रमांक असतो. फोल्डरमध्ये फाइलचे नाव आणि आयनोडचा क्रमांक एवढेच लिहिलेले असते.

जुन्या पद्धतीत आयनोडांचे तक्ते डिस्कवर ठरलेल्या जागी असत. क्रमांक कळला की साध्या गणिताने जागा कळे. लॉग-पद्धतीत आयनोडसुद्धा बदलला की पुढे नव्या जागी जातो. गणित कामाला येत नाही. म्हणून रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी आयनोड-नकाशा ठेवला. कोणत्या क्रमांकाचा आयनोड या घडीला कोणत्या जागी आहे, हे त्यात लिहिलेले असते. खतावणीतल्या कीर्द-पानाच्या रकान्याचे काम इथे हा नकाशा करतो.

पण नकाशाही लॉगमध्येच लिहिला जातो, म्हणजे तोही हलतो. मग नकाशाचा पत्ता कुठे? त्यासाठी डिस्कवर दोन जागा कायमच्या राखलेल्या असतात. त्यांना चेकपॉइंटच्या जागा म्हणतात. स्प्राइटमध्ये दर 30 सेकंदांनी आयनोड-नकाशाच्या तुकड्यांचे पत्ते आळीपाळीने यातल्या एका जागेत लिहिले जात. एक लिहिताना वीज गेली तरी दुसरी शाबूत राहते. संगणक सुरू झाला की दोन्ही पाहायच्या, आणि जी पूर्ण आहे व अधिक ताजी आहे ती धरायची.

शोधाची साखळी अशी: कायमच्या जागेवरून चेकपॉइंट, चेकपॉइंटवरून नकाशा, नकाशावरून आयनोड, आयनोडवरून मजकूर. हलणाऱ्या गोष्टींची सगळी रचना शेवटी त्या दोन न हलणाऱ्या जागांवर उभी असते. हे सूत्र डोक्यात पक्के बसले की या कुळातली कोणतीही फाइल सिस्टिम समजायला अडचण येत नाही.

एफटूएफएसचे सहा भाग

एफटूएफएसमध्ये 4 केबीचा एक ब्लॉक आणि 512 ब्लॉकांचा, म्हणजे 2 एमबीचा एक सेगमेंट. साठवणीचे सुरुवातीपासून सहा भाग पाडलेले असतात.

1. सुपरब्लॉक. एकूण आकार, भागांच्या सुरुवातीच्या जागा अशी मूळ माहिती. याच्या दोन प्रती असतात आणि फॉरमॅट करताना लिहिलेली ही माहिती पुढे सहसा बदलत नाही.

2. चेकपॉइंट. दोन संच, आळीपाळीने लिहिले जाणारे. प्रत्येक संचाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच आवृत्ती-क्रमांक लिहितात. दोन्ही टोके जुळली तरच संच पूर्ण मानायचा.

3. सेगमेंट-माहितीचा तक्ता. दर सेगमेंटमागे 74 बाइटची एक नोंद. त्यातले 64 बाइट म्हणजे 512 बिट, सेगमेंटच्या प्रत्येक ब्लॉकसाठी एक. बिट 1 असेल तर ब्लॉक चालू, 0 असेल तर बाद किंवा रिकामा. उरलेल्या बाइटांत चालू ब्लॉकांची संख्या आणि शेवटच्या बदलाची वेळ.

4. नोडांच्या पत्त्यांचा तक्ता. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला नॅट म्हणतात. आयनोड आणि फाइलच्या पत्त्यांची पाने यांना मिळून नोड म्हणतात. प्रत्येक नोडला क्रमांक असतो आणि तो सध्या कुठे आहे हे नॅट सांगतो. एक नोंद 9 बाइटची, म्हणून 4 केबीच्या ब्लॉकात 455 नोंदी मावतात.

5. सेगमेंट-सारांश. इथे उलट दिशेची माहिती असते: हा ब्लॉक कोणाचा, आणि त्याच्या नोडमध्ये कितव्या जागी त्याचा पत्ता लिहिला आहे. ब्लॉकमागे 7 बाइट. साफसफाईच्या वेळी याची गरज पडते.

6. मुख्य भाग. फाइलींचा मजकूर, फोल्डरच्या याद्या आणि सगळे नोड इथे असतात. खरी कीर्द हीच.

म्हणजे एफटूएफएस पूर्णपणे हलती नाही. मुख्य भाग पुढे वाढत जातो, पण पत्त्यांचे तक्ते ठरलेल्या पट्ट्यात असतात. त्या तक्त्यांच्याही दोन प्रती असतात आणि कोणती प्रत लागू आहे हे चेकपॉइंटमधल्या बिटांवरून ठरते. शिवाय पाच-दहा नोंदी बदलल्या की अख्खा तक्ता लिहायला नको, म्हणून थोडे ताजे बदल चेकपॉइंटसोबतच्या सारांश-ब्लॉकांत टिपून ठेवतात.

मुख्य भागात एकाच वेळी सहा सेगमेंट उघडे असतात: तीन नोडांसाठी, तीन मजकुरासाठी. फोल्डरच्या याद्या वारंवार बदलतात, त्या एका रांगेत. साध्या फाइलींचा मजकूर दुसऱ्या रांगेत. फोटो-व्हिडिओसारखा एकदा लिहून क्वचित बदलणारा मजकूर तिसऱ्या रांगेत. लवकर बाद होणारे लवकर बाद होणाऱ्यांजवळ राहिले, की अख्खा सेगमेंट एकदम मोकळा होण्याची शक्यता वाढते.

एका दुरुस्तीचा प्रवास

समजा हिशोबाच्या अ‍ॅपची फाइल 40 एमबीची आहे, म्हणजे 10,240 ब्लॉक. एका शेतकऱ्याच्या नावापुढे हमालीचा आकडा चुकला आणि तो दुरुस्त केला. तो आकडा फाइलच्या सुरुवातीपासून 30 एमबीवर, साधारण 7,680 व्या ब्लॉकात आहे.

एफटूएफएसच्या मूळ रचनेत आयनोडमध्येच पहिल्या 923 ब्लॉकांचे पत्ते मावतात. त्यापुढे दोन पत्ता-पाने, प्रत्येकी 1,018 पत्त्यांची. मिळून 2,959 ब्लॉक, म्हणजे सुमारे 11.5 एमबी. आपला ब्लॉक त्याच्या पुढचा. म्हणून त्याच्यापर्यंत जायची वाट अशी: आयनोड, मग पत्ता-पानांची यादी ठेवणारे वरचे पान, मग पत्ता-पान, मग मजकुराचा ब्लॉक.

पाने एकमेकांकडे डिस्कवरच्या जागेने बोट दाखवत असती तर काय झाले असते? मजकूर नव्या जागी गेला म्हणून पत्ता-पान बदलावे लागले असते. पत्ता-पान नव्या जागी गेले म्हणून वरचे पान, ते हलले म्हणून आयनोड, आयनोड हलला म्हणून नकाशा. एका आकड्यासाठी खालपासून वरपर्यंत सगळी पाने नव्याने लिहायची. या दोषाला भटके झाड म्हणतात.

एफटूएफएसने हा दोष नॅटने मिटवला. वरच्या पानात पत्ता-पानाची जागा लिहीतच नाहीत, फक्त क्रमांक लिहितात. मजकूर हलला की पत्ता-पान नव्याने लिहायचे, त्याची नवी जागा नॅटमध्ये त्याच क्रमांकापुढे टिपायची, आणि थांबायचे. क्रमांक तोच राहिल्याने वरच्या पानाला हात लावावा लागत नाही. बदलाची वेळ टिपायची म्हणून आयनोड लिहिला जाईल, पण पत्त्याच्या साखळीपायी नाही. साठवणीच्या शास्त्रातली ही एक अतिशय सुंदर युक्ती आहे असे मला मनापासून वाटते. एक तक्ता मध्ये ठेवला आणि वरपर्यंत जाणारे काम दोन पायऱ्यांत संपले.

एक बारकावा लक्षात असावा. तातडीने पक्के करायचे काही लहान बदल एफटूएफएस जागच्या जागीही लिहिते, आणि जागा टंचाईची झाली की जुन्या सेगमेंटांतल्या मोकळ्या फटींतही लिहिते. नियम पुढे लिहिण्याचा, पण गरजेनुसार सवलत आहे.

मराठी नाव किती जागा घेते?

फोल्डरच्या यादीचा एक ब्लॉक 214 घरांचा असतो आणि प्रत्येक घरात नावाचे 8 बाइट मावतात. युनिकोडच्या प्रचलित साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, 3 बाइट घेते. ‘हिशोबपट्टी’ या शब्दात अशी 10 चिन्हे आहेत: ह, इकार, श, ओकार, ब, प, ट, हलन्त, ट, ईकार. म्हणजे 30 बाइट, चार घरे. नावाची कमाल मर्यादा 255 बाइट, म्हणजे देवनागरीत 85 चिन्हे.

म्हणून फाइलला मराठी नाव जरूर द्यावे, पण ते आटोपशीर असावे. शेतकऱ्याचे पूर्ण नाव, गाव, माल, वजन, भाव आणि तारीख हे सगळे फाइलच्या नावात कोंबू नये. वर्ष-महिना-दिवस या क्रमाने तारीख आणि पट्टीचा क्रमांक पुरेसा आहे. बाकी तपशील फाइलीच्या आत.

वीज किंवा बॅटरी गेली तर

दिवसाचा मेळ घातला की तिथपर्यंतचा हिशोब पक्का धरतात. चेकपॉइंट म्हणजे तसाच मेळ. एफटूएफएस तो साधारण दर 60 सेकंदांनी, आणि गरज पडेल तसा अधेमधेही घालते. यंत्र अचानक बंद पडले तर पुन्हा सुरू होताना ती शेवटच्या पूर्ण चेकपॉइंटवर येऊन उभी राहते.

मग चेकपॉइंटनंतर जतन केलेले काम वाया जाते का? चांगल्या अ‍ॅपचे जात नाही. अ‍ॅप जेव्हा ‘हे आत्ताच डिस्कवर पक्के कर’ अशी आज्ञा देते, तेव्हा एफटूएफएस मजकूर आणि त्याचे पत्ता-पान लिहून पानावर खूण करते. प्रत्येक नोडच्या तळाशी पुढचा नोड कुठे असेल ते लिहिलेले असते. सुरू होताना ती चेकपॉइंटपासून ही साखळी धरून पुढे चालते आणि खुणेची पाने वेचून हिशोबात घेते. ज्या कामासाठी ती आज्ञाच दिली गेली नव्हती, ते मात्र जाऊ शकते.

यातून दोन गोष्टी निघतात. संगणकाला यूपीएस असावा आणि संगणक बटण दाबून नाही, रीतसर बंद करावा. आणि नोंद ‘सेव्ह’ करूनच पुढच्या शेतकऱ्याचा माल घ्यावा. पडद्यावर आकडा दिसतो याचा अर्थ तो डिस्कवर गेला असा होत नाही.

साफसफाई आणि मोकळी जागा

पुढे पुढे लिहीत राहिले की एक दिवस साठवण संपते. पण मागचे सेगमेंट पाहिले तर त्यांत थोडे ब्लॉक चालू आणि बरेच बाद असतात. जुनी वही बंद करताना आपण फक्त उरलेल्या बाक्या नव्या वहीत पुढे ओढतो. फाइल सिस्टिमही चालू ब्लॉक तेवढे उचलून पुढे लिहिते आणि अख्खा सेगमेंट मोकळा करते. कोणता ब्लॉक चालू हे सेगमेंट-माहितीचा तक्ता सांगतो, तो कोणाचा हे सारांश सांगतो, आणि हलवल्यावर नवा पत्ता योग्य पानावर टिपला जातो. मेटाडेटाच्या या तीन भागांवाचून साफसफाई अशक्य आहे.

साफसफाईला किंमत असते. रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांनी तिचे गणित मांडले. निवडलेल्या सेगमेंटांत चालू मजकूर निम्मा असेल तर नव्या एका ब्लॉकासाठी एकूण 4 ब्लॉकांइतके वाचन-लेखन करावे लागते. चालू मजकूर 80 टक्के असेल तर तेच काम 10 ब्लॉकांवर जाते. भरत आलेला फोन हळू का होतो याचे हे एक मोठे कारण आहे. संत्र्याच्या हंगामात फोटो, व्हिडिओ आणि आलेले-गेलेले संदेश यांनी फोन गच्च भरतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तो सर्वांत जास्त वापरायचा असतो. म्हणून आंबिया आणि मृग, दोन्ही बहारांचा माल सुरू होण्याआधी जुने व्हिडिओ दुसरीकडे हलवून जागा करून ठेवावी. साठवणीचा निदान पाचवा हिस्सा मोकळा राहावा, असा माझा सल्ला आहे.

हे स्वतः पाहा

लिनक्स असलेल्या कोणत्याही संगणकावर हे सगळे प्रत्यक्ष पाहता येते. खऱ्या डिस्कवर प्रयोग करू नका. सरावासाठी 1 जीबीची एक रिकामी फाइल तयार करा आणि तिलाच डिस्क समजा.

1. ‘एफटूएफएस-टूल्स’ हे पॅकेज घ्या. त्यात फॉरमॅट करणारे, तपासणारे आणि आतले दाखवणारे अशी वेगवेगळी साधने असतात.

2. रिकामी फाइल एफटूएफएसमध्ये फॉरमॅट करा. ‘डम्प’ साधन अधिक तपशिलाच्या पातळीवर चालवा. सुपरब्लॉक आणि चेकपॉइंटमधले रकाने पडद्यावर येतील. वर सांगितलेल्या सहा भागांची सुरुवात त्यात शोधा. मूळ फोल्डरचा क्रमांक 3 दिसेल.

3. ती जोडा, म्हणजे माउंट करा. तिच्यात ‘हिशोबपट्टी’ नावाची फाइल तयार करून दोन ओळी लिहा. फाइलींची यादी दाखवणाऱ्या आज्ञेला आयनोड-क्रमांक दाखवायला सांगा आणि तो टिपून ठेवा.

4. ती सोडवा, म्हणजे अनमाउंट करा. आता ‘डम्प’ साधनाला तो क्रमांक द्या. नॅटमधली नोंद दिसेल: क्रमांक, आवृत्ती आणि ब्लॉकचा पत्ता. हे आकडे सोळाच्या पायावर असतात. फाइल बाहेर काढायची का, असे साधन विचारेल, तेव्हा नाही म्हणा.

5. पुन्हा जोडा, फाइलीत एक ओळ वाढवा, सोडवा, आणि तोच क्रमांक पुन्हा विचारा. क्रमांक तोच असेल, पत्ता बदललेला असेल.

या दोन छापील ओळी शेजारी ठेवून पाहिल्या की लॉग-पद्धतीचे मर्म हाती येते. शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की फळ्यावर आकृती काढण्याआधी विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घ्यावा.

जुनी स्थिती परत हवी असेल तर

जुना मजकूर लगेच पुसला जात नाही, मग तो वापरता येईल का? जपानच्या एनटीटी कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालेली निलएफएस-टू ही फाइल सिस्टिम नेमके हेच करते. 2009 साली लिनक्स 2.6.30 मध्ये ती आली. ती चेकपॉइंट सतत तयार करत राहते आणि प्रत्येकाला क्रमांक देते. चेकपॉइंटांची यादी, सेगमेंटांचा वापर आणि पत्त्यांचे भाषांतर, हे सगळे तिने साध्या फाइलींसारख्याच आतल्या फाइलींत ठेवले आहे, आणि त्या फाइलींचे आयनोड लॉगच्या शेवटी असलेल्या एका मूळ-ब्लॉकात लिहिले जातात. हवा तो चेकपॉइंट ‘स्नॅपशॉट’ म्हणून राखता येतो आणि केवळ वाचण्यासाठी जोडता येतो. राखून न ठेवलेले ताजे चेकपॉइंट साफसफाईपासून सामान्यतः 3,600 सेकंद, म्हणजे तासभर सुरक्षित असतात.

दुकानात लिनक्सचा संगणक असेल आणि तो जाणणारा माणूस हाताशी असेल, तर हिशोबाच्या फोल्डरसाठी असा वेगळा विभाग ठेवायला हरकत नाही. रोज संध्याकाळी मेळ जुळल्यावर एक स्नॅपशॉट राखला तर दुसऱ्या दिवशीच्या चुकीतून आदल्या दिवशीवर परत येता येते.

पाळायचे नियम

1. चुकून फाइल पुसली तर त्या साधनावर पुढचे काही लिहू नका. नवा फोटो काढू नका, अ‍ॅप उतरवू नका. बाद ब्लॉक केव्हा मोकळा होईल हे साफसफाईवर अवलंबून असते, आणि मोकळ्या जागेची सूचना फ्लॅशला गेली की मजकूर मिळणे जवळपास संपते. फोनमधला मजकूर कूटबद्ध असतो, म्हणून फॅक्टरी रीसेट केल्यावर काहीही परत मिळण्याची आशा ठेवू नये.

2. बिघडलेल्या साठवणीवर दुरुस्तीचे साधन थेट चालवू नका. कारागिरांनी आधी पूर्ण साठवणीची हुबेहूब प्रत घ्यावी आणि प्रयोग त्या प्रतीवर करावा. तपासणी करताना ती साठवण जोडलेली नसावी.

3. मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह ओढून काढू नका. ‘काढण्यास सुरक्षित’ असा संदेश आल्यावरच काढा. त्यावरच्या फॅट-पद्धतीला वर सांगितलेले चेकपॉइंटचे संरक्षण नाही.

4. लहान लहान हजारो फाइली करण्यापेक्षा रोजची एक किंवा मालानुसार एक अशी फाइल ठेवा. प्रत्येक फाइलमागे निदान एक आयनोड-ब्लॉक लागतो, म्हणून दोन ओळींची फाइलसुद्धा 4 केबी घेते. अगदी लहान मजकूर एफटूएफएस आयनोडच्या पोटातच ठेवते, तेवढी बचत होते.

5. दोन चेकपॉइंट, दोन सुपरब्लॉक, दोन तक्ते या प्रती एकाच चिपवर असतात. त्या वीज जाण्यापासून वाचवतात. चोरी, आग, पाणी किंवा चिप जळणे यापासून वाचवत नाहीत. स्नॅपशॉटचेही तेच.

म्हणून हिशोबाच्या निदान तीन प्रती असाव्यात: एक वापरातली, एक दुकानातच वेगळ्या डिस्कवर, आणि एक दुकानाबाहेर, घरी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. महिन्यातून एकदा बाहेरच्या प्रतीतून एखादी पट्टी उघडून आकडे जुळतात का ते पाहावे. न तपासलेल्या प्रतीचा भरवसा धरू नये.

रोझेनब्लम आणि ऑस्टरहाउट यांच्यापासून एफटूएफएस बांधणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी एकच काळजी वाहिली: मजकूर कितीही हलला तरी त्याचा ताजा पत्ता कधी हरवू नये. त्यांनी त्यांचे काम चोख केले आहे. उरलेली जबाबदारी आपली आहे. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशोब तुमच्या फोनमध्ये आणि संगणकात आहे. आज मेळ जुळला की दुकान बंद करण्यापूर्वी त्याची एक प्रत बाहेर काढा, आणि ती उघडते याची खात्री करून घ्या.